सात बटणांचा शर्ट

शनिवारी दुपारी दोनला धाकट्या नील्सची बारावी पास झाल्याची पार्टी होती, आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याची आई जॅनेल पार्टीत त्याचे शाळेचे फोटो लावायच्या बोर्डासाठी गॅरेजमधल्या घडीच्या टेबलावर सदतीस फोटो पसरून बसली होती. त्यातला नील्स कोणता, हे तिला सांगता येत नव्हतं.

तसं पाहिलं तर योजनेत नाव ठेवायला जागा नव्हती. तीन मुलगे. दरवर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ओट्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचं, अंगात बापाचा लाल चौकड्यांचा शर्ट, हातात इयत्तेची पाटी. बालवर्ग ते बारावी. पोरगं शर्टात थोडंथोडं भरत जाणार आणि शेवटी शर्ट बरोब्बर बसणार! फोटोंचे खोकेसुद्धा तिने मुलांप्रमाणे न लावता इयत्तांप्रमाणे लावले होते, म्हणजे तिघांची तुलना करता येईल. फोटोमागे नाव लिही, असं नवऱ्याने एकदा सुचवलं, तेव्हा "पोटच्या पोराला आई ओळखणार नाही का?" असं म्हणून तिने ड्वेनला गप्प बसवलं होतं.

आता प्रत्येक खोक्यातून तीच तीन पिवळी डोकी तिच्याकडे बघून हसत होती. तिघांचे केस ड्वेननेच कापलेले, त्यामुळे तिथेही काही फरक नाही. फोटोवर तारीख छापणाऱ्या कॅमेऱ्याने तर बॅटरी बदलली की १९९४ सालच्या एक जानेवारीला परत जायचा वसा घेतला होता. नववीपासून पुढचे कसेबसे ओळखू आले, पण आठवीपर्यंत नुसता गोंधळ.

त्यात हिशेबही जुळेना. तीन मुलगे, तेरा इयत्ता, फोटो एकोणचाळीस. टॉडचा बालवर्गातला फोटो दिवाणखान्यात सोफ्यावर फ्रेममध्ये. राहिले अडतीस, आणि टेबलावर सदतीस! बालवर्गाच्या खोक्यात एकच फोटो होता. हरवलेला कुणाचा असणार? शेंडेफळाचाच. सकाळीच नील्स म्हणाला होता, "आई, बोर्डावर माझा एक तरी लाव हं. बाकी टॉडचे लावलेस तरी चालतील, लोकांना काय कळतंय?" तो हसत म्हणाला होता, पण जॅनेलला ते लागलं होतं.

फार्गोहून थोरला टॉड आला आणि त्याने पंधरा फोटो आपले म्हणून उचलले. कॉलेजातून मधला ब्रेंट आला. त्याने टॉडच्या हातातले नऊ काढून घेतले.

"हा मी आहे. दात बघ!"

"दात सगळ्यांचेच पडतात, गाढवा."

"थांबा!" जॅनेल ओरडली. "झाड बघा, झाड! टॉड शाळेत गेला त्या वर्षी बाबांनी ओट्याशेजारी मेपल लावला होता. ठेंगणं झाड तो टॉड, उंच झाड तो नील्स!"

तिघांनी फोटो डोळ्यांशी धरले. पहिल्या फोटोत झाड गुडघ्याएवढं होतं. पुढच्या फोटोतही गुडघ्याएवढं. त्यापुढेही तेच.

जॅनेलने हळूच नवऱ्याकडे पाहिलं. ड्वेन खुर्च्या पुसत होता. एकच खुर्ची तो बराच वेळ पुसत होता.

"पहिलं झाड बर्फ काढताना माझ्या ट्रॅक्टरखाली गेलं," तो म्हणाला.

"आणि?"

"दुसरंही."

"आणि तिसरं?"

"ते हरणाने खाल्लं. त्यात माझा हात नाही."

"वीस वर्षं मी म्हणतेय, हे झाड वाढत कसं नाही!"

"हो ना. मलाही वाईट वाटायचं."

तेवढ्यात नील्स कामावरून आला. कुणी काही सांगायच्या आत त्याने टेबलावर नजर टाकली आणि पत्ते वाटावेत तसे फोटो वाटायला सुरुवात केली. टॉड, ब्रेंट, मी. टॉड, ब्रेंट, मी.

"अरे, पण कशावरून?" जॅनेल चक्रावली.

"बटणांवरून. त्या शर्टाचं दोन-तीन वर्षांनी एक बटण तुटतं आणि ते कुणीच लावत नाही. टॉड बालवर्गात गेला तेव्हा सात होती. आता एक उरलंय. प्रत्येक खोक्यात सगळ्यात कमी बटणं ज्याची, तो मी."

टॉडचे बारा झाले, ब्रेंटचे तेरा, नील्सचे बारा. बालवर्गातला तो एकुलता एक फोटो ब्रेंटचा निघाला. जॅनेलच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझाच पहिला फोटो हरवला रे! माझंच चुकलं."

नील्स आत गेला आणि सोफ्यावरची फ्रेम घेऊन आला. जॅनेलने बटणं बोटाने मोजली. पाच.

"हा तू आहेस?" टॉड किंचाळला. "सहा वर्षांपूर्वी माझ्या पार्टीत आईने खोक्यातून हाच निवडून फ्रेम केला होता!"

"तुला केव्हा कळलं?" जॅनेलने विचारलं.

"तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"आलेला प्रत्येक माणूस म्हणत होता, किती गोड पोरगं!" नील्सने खांदे उडवले. "म्हटलं, ऐकून घ्यावं."

जॅनेलने त्याला घट्ट जवळ घेतलं. पण टॉडचं तोंड उतरलं. "मग माझा पहिला फोटो कुठेय?"

ड्वेनने फडकं पुन्हा हातात घेतलं. "त्या दिवशी कॅमेऱ्यात रोल नव्हता," तो म्हणाला. "मी घालायला विसरलो होतो."

"आणि फोटो कसा आला म्हणून मी विचारलं तेव्हा?" जॅनेल म्हणाली.

"छान, असं म्हणालो. तू छानच काढला होतास."

काळोख पडायच्या आत चोवीस वर्षांचा टॉड तिसऱ्या पायरीवर बसला, एका बटणाचा शर्ट अंगात आणि बालवर्गाची पाटी हातात. जॅनेलने फोन दोनदा तपासून फोटो काढला आणि सकाळी छापून आणला. आता कुणी रुसायला नको म्हणून तिने तो नील्सच्या बोर्डाच्या कोपऱ्यात लावला.

पार्टीला शेजारच्या व्हर्नाआजी आल्या. चष्मा पुसून त्यांनी बोर्ड वरपासून खालपर्यंत नीट पाहिला, कोपऱ्यापाशी थबकल्या आणि नील्सचा गाल थोपटून म्हणाल्या, "बालवर्गातसुद्धा केवढा थोराड होतास रे तू! पण गोड हो, फार गोड!"

टॉड पुढे सरसावला. नील्स त्याच्या पायावर पाय देऊन म्हणाला, "थँक्यू, आजी."