खंडेनवमीला घासलेलं यान

तुम्हीच सांगा, माणसानं विश्वास ठेवावा तरी कशावर? स्वतःच्या डोळ्यांवर, की बायकोनं पातेल्याखाली झाकून ठेवलेल्या वस्तूवर? उत्तराची घाई करू नका. मी केलेली.

मी महिपत. टेंभी नाक्याच्या आतल्या गल्लीत माझं भांड्यांचं दुकान आहे. शाळा सातवीला सुटली, पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी केलं. भांड्यावर टिचकी मारली की पत्रा केवढा जाड ते मी डोळे मिटून सांगतो. (माणसांना टिचकी मारून बघता येत नाही, तिथे फसतो.) धंद्यातलं माझं तत्त्व एकच: वस्तू चकाकली पाहिजे. एकदा शहाडहून एक बाई पितळी कळशी परत करायला आल्या. म्हणाल्या, "काळी पडली." मी वाद घातला नाही. त्यांच्यासाठी चहा मागवला आणि त्यांचा चहा संपेपर्यंत चिंच-मीठ लावून कळशी पुढ्यात ठेवली. बाई कळशी घेऊन गेल्या, वर एक समईही घेऊन गेल्या. चकाकीची ताकद ही अशी असते. निदान मी तसं समजत होतो.

सुमती, म्हणजे आमची मंडळी, कल्याणच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाली, आणि आता ती लोणची-पापड करील असं मला वाटलं. तिनं अवकाशयानं करायला घेतली. म्हणजे मॉडेलं, हातभर उंचीची. त्यांना धातूसारखं दिसायला लावणारे रंग बाजारात मिळतात, पण सुमती म्हणाली, "विकतचा रंग कशाला? घरात काय कमी धातू आहे?"

मला अभिमान वाटला. भांडेवाल्याच्या बायकोला शोभेल असं बोलली! पण तिचा डोळा कशावर होता ते हळूहळू कळत गेलं. आधी चहाची पुडी गेली. आतला चंदेरी कागद यानाला, चहा डाळीच्या डब्यात. मग मिठाईच्या खोक्यातला सोनेरी कागद गेला. पेन्सिलचं शिसं किसून बोटानं चोळलं की प्लास्टिकचं झाकण थेट लोखंडाचं दिसतं, हे मला स्वयंपाकघरातल्या प्रत्येक झाकणाकडे बघून समजलं. आणि एके दिवशी माझ्या औषधाचा डबा रिकामा दिसला.

"अगं, माझ्या प्रेशरच्या गोळ्या कुठायत?"

"वाटीत काढून ठेवल्यात."

"आणि तुझ्या थायरॉइडच्या?"

"त्याही वाटीतच."

"त्याच वाटीत?"

"पांढऱ्या त्या तुमच्या."

"सुमती, दोन्ही पांढऱ्याच आहेत!"

"मग जरा मोठ्या असतील त्या. अहो, गोळ्यांच्या पाकिटामागचा पत्रा बघितलात का कधी? काय पातळ, काय सुरेख! तुमच्या अख्ख्या दुकानात तसा नाही."

(त्या आठवड्यात माझं प्रेशर वाढलं ते गोळ्यांच्या घोटाळ्यानं की या शेवटच्या वाक्यानं, हे डॉक्टरांनाही ठरवता आलं नाही.)

हे सगळं चाललेलं साकेतसाठी. साकेत म्हणजे नाक्यापलीकडच्या हॉलमध्ये नवरात्रात विज्ञानाचं प्रदर्शन भरवणारा इंजिनिअर. तो घरी येऊन म्हणाला, "काकू, एक टेबल तुमचं. लोकांना आवडलं ना, तर रविवारचा मुलांचा वर्ग तुम्हीच घ्यायचा."

 दुसऱ्या दिवशी गच्चीवर सुमतीची खळ घातलेली सुती साडी वाळत होती. शाळेत जायची तेव्हाची. निवृत्तीनंतर ती साडी मी कपाटाबाहेर पाहिली नव्हती. मी भांडेवाला आहे, पण तेवढं मला कळतं.

म्हणूनच ठरवलं, आपणही हिला मदत करायची. इथून पुढे सगळं बिघडलं.

प्रदर्शन खंडेनवमीला होतं. आमच्या घरात त्या दिवशी धंद्याची हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडतात: तराजू, मापं, कात्री, पाने, सगळं. सुमती सकाळीच बाकीची यानं घेऊन हॉलवर टेबल मांडायला गेली. मुख्य यान ती दुपारी नेणार होती. जाताना बजावून गेली, "पातेल्याखाली आहे, त्याला हात लावू नका." मला वाटलं, पातेल्याला लावू नका.

तराजू घासता घासता मनात आलं, हे यान म्हणजे तिचं हत्यारच की. त्याला का सोडायचं? मी पातेलं उचललं. माझ्याच दुकानातलं नरसाळं पालथं घालून, त्यावर गोळ्यांच्या पाकिटांचा पत्रा तुकड्या-तुकड्यानं चिकटवून तिनं यानाचा माथा केलेला. काम देखणं, पण सगळं काळवंडलेलं! कुठे काजळी, कुठे तपकिरी ओघळ. मला वाटलं, बिचारीला चकाकी जमली नाही. म्हणून लाजून झाकून ठेवते. इतकी वर्षं भांडेवाल्याशी संसार केला, आणि साधं विचारलंही नाही!

मऊ फडकं घेतलं, दंतमंजन घेतलं, आणि जीव ओतून घासलं. असं घासलं की त्यात माझा चष्मा दिसायला लागला. मग हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, तराजूच्या शेजारी मांडलं आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

सुमती आली. देवघरासमोर उभी राहिली. 

"हे काय आहे?"

"तुझं यान."

"माझं यान अवकाशात जाऊन, जळत-पोळत परत आलं होतं. हे तर आत्ताच शोरूममधनं आलंय."

"म्हणजे ते काळं..."

"ते काळं मी दीड महिना लावत होते."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पाटावर बसली आणि पदरानं उगाचच पाटाची कड पुसू लागली. "राहू दे," म्हणाली. "साकेतला फोन करते. सांगते, बरं नाही."

जन्मभर लोकांच्या वस्तू चकाकवल्या; आता एक वस्तू काळी करायची होती, आणि मला ती विद्या येत नव्हती. मी घरभर काजळी शोधत फिरलो. गॅसच्या घरात काजळी कुठली? तवा पुसून बघितला, माझाच हात स्वच्छ झाला. इन्व्हर्टर आल्यापासून मेणबत्ती नाही. धूर करणारी एकच गोष्ट घरात होती: घटाजवळचा अखंड दिवा.

"सुमती, देवीच्या दिव्यावर धरू या."

"शुद्धीवर आहात का? देवीच्या दिव्यावर काजळी धरायची?"

"काजळी नाही गं. इतक्या लांबून घरी आलंय, त्याला ओवाळायचं नाही का? आपण दिव्यानं ओवाळतो, इथे दिव्यावरच ओवाळू."

तिनं माझ्याकडे पाहिलं. हसू तिनं ओठांतच दाबलं, पण पाटावरून उठली.

मग सुरू झाली ती पूजा आमच्या घराण्यात कधी झाली नव्हती. तिनं देवीला हात जोडले, वात थोडी पुढे सारली, चिमट्यात यान धरलं आणि ज्योतीवरून सावकाश फिरवू लागली. माझं काम, दिव्याला दोन्ही तळव्यांचा आडोसा करायचा.

"श्वास इकडे सोडू नका!"

"मग कुठे सोडू?"

"सोडूच नका. दिवा गेला तर मी तुम्हाला घटात पेरीन."

ज्योत एकदा अशी वाकली की आम्ही दोघंही "आई गं!" म्हणालो. पण टिकली. पत्र्याच्या कडा उष्णतेनं मुरडल्या, काळे पट्टे उमटले, आणि सांध्यांत अडकलेलं हळद-कुंकू भाजून तांबूस तपकिरी झालं. सुमतीनं नाक पुढे करून ते नीट न्याहाळलं. "हं," म्हणाली. शाळेत एखाद्या ढ मुलाला चुकून बरोबर उत्तर आलं की ती असंच "हं" म्हणायची.

रस्ता देवीच्या गर्दीनं बंद, म्हणून चालत निघालो. परातीत यान, वर लाल वस्त्र, परात माझ्या डोक्यावर. एका आजींनी वाकून नमस्कार केला आणि परातीत फूल टाकलं. मागून दोघी-तिघी आल्या. मी गंभीर चेहऱ्यानं पुढे चालत राहिलो. थांबून कोणाकोणाला समजावणार?

हॉलवर साकेत यानासमोर गुडघ्यांवर बसला. "काकू, हा जळका तांबूस शेड! कशानं केलात?"

सुमतीनं पदर सारखा केला, आणि मी पाहिलं, ती टेबलामागे नव्हे, जणू वर्गातल्या फळ्यासमोर उभी होती. "घरगुती साहित्यानं," म्हणाली. "पण ते दर वेळी वापरता येईलच असं नाही."

"रविवारचा वर्ग तुमचा, काकू! पहिल्या दिवशी काय शिकवणार?"

"यान कुठे लपवावं, ते."

सगळे हसले. मीही हसलो. (इलाज नव्हता.)

आता रविवारी तिच्या वर्गाला मुलं येतात आणि माझ्या गल्ल्यावर बसून मी गिऱ्हाइकांना ही हकीकत सांगतो. परवा मी म्हणालो, "ते यान आम्ही दोघांनी मिळून केलं हो." मागून आवाज आला, "दोघांनी? मग पुरतं सांगा. लावलं मी, काढलं तुम्ही, परत लावलं मी."

तेव्हा मंडळी, एवढंच मागणं. तुमच्या घरी दोघांनी मिळून काही केलंत, तर हिशेब प्रामाणिक ठेवा. कोणाच्या नावावर काय, ते खरं लिहा. मी माझ्या नावावर खरंच लिहायला बसलो होतो. सुमतीनं वाचून एक दुरुस्ती केली: 'मदत' खोडून 'आडोसा' लिहिलं.