खरवड, एफ्राइन, खरवड!

लोस सेमाफोरोस या बँडमध्ये माणसं नऊ होती. सेमाफोरो म्हणजे रस्त्यावरचा सिग्नल, म्हणून तिघांना लाल कोट, तिघांना पिवळे आणि तिघांना हिरवे. लाल कोटात गाणारे. हिरव्यात गिटार, बास आणि कीबोर्ड. पिवळ्यात ट्रंपेट, ढोल आणि गुइरो. गुइरो म्हणजे वाळवलेला लांबट भोपळा. त्याच्या अंगावर आडव्या खाचा पाडतात आणि त्या काडीने खरवडतात. खर्र-च-च, खर्र-च-च. हा भोपळा एफ्राइन ओरिवेलाच्या हातात होता.

बँडचं एकच गाणं गाजलं. लांबी तीन मिनिटं बेचाळीस सेकंद. दोन मिनिटं चौदाव्या सेकंदाला सगळी वाद्यं थांबायची आणि बँडचा मालक दागोबेर्तो बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "आणि आता... खरवड, एफ्राइन, खरवड!" मग अकरा सेकंद नुसता गुइरो. अकरा सेकंद! कुंबिया संगीतात भोपळ्याला इतका वेळ आजवर कुणी दिलेला नाही, असं एफ्राइनचं ठाम मत होतं. त्याने मोजलं होतं.

हुआंकायो शहरात पिवळ्या दिव्याला कुणीही थांबत नाही. आपल्यासाठी मात्र थांबतील, असं एफ्राइनला वाटलं. हाऊहाच्या जत्रेत स्टेज लहान पडलं, म्हणून दागोबेर्तोने त्याला स्पीकरच्या मागे उभं केलं. झालं! एफ्राइनने भोपळा जमिनीवर ठेवला आणि जाहीर केलं, "मी चाललो! आठवड्याच्या आत माझ्या दारात याल, हात जोडून!"

त्यानंतर सात दिवस तो रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दाराकडे तोंड करून बसला. शर्ट दोनच होते, म्हणून आलटून पालटून. आठव्या दिवशी बाजारात कुणीतरी सांगितलं, "अरे, तू गेलास आणि तीन तासांत त्यांनी जेर्सन नावाचा पोरगा घेतला की!" तीन तास! एफ्राइन घरी गेला, शर्ट काढला आणि चार दिवसांनी जाऊन चाव्या बनवायचं मशीन विकत घेतलं.

पुढे वर्षभरात बँडच विस्कटला. जुन्या नऊंपैकी बँडच्या नावासकट एकटा दागोबेर्तो उरला, बाकी सगळी नवी पोरं. ट्रंपेटवाला वारला. दोघं अमेरिकेत डोंगरावर मेंढ्या राखायला गेले. बासवाला पाद्री झाला. एफ्राइन एकोणीस वर्षं बाजारात चाव्या कापत होता. मशीनचा आवाजही खर्र-च-च असाच यायचा, पण मशीनला कुणी ओरडून प्रोत्साहन देत नाही.

आता त्याची मुलगी यादिरा पंधरा वर्षांची होणार होती. पंधराव्या वाढदिवसाला मुलगी बापाबरोबर सगळ्यांसमोर पहिला नाच नाचते. बाकीच्या मुलींचे बाप त्यासाठी वॉल्ट्झची संथ धून लावतात.

"वॉल्ट्झ?" एफ्राइन म्हणाला. "ज्या गाण्यात बापाचं नाव आहे ते गाणं सोडून वॉल्ट्झ? तू बघच! दोन मिनिटं चौदा सेकंदाला पाहुणे खुर्च्यांवर उभे राहतील!"

यादिराने वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं.

गंमत अशी की स्वतः एफ्राइनने ते गाणं एकोणीस वर्षांत ऐकलं नव्हतं. रेडिओवर लागलं की तो रेडिओ बंद करायचा. दुसऱ्याच्या दुकानात लागलं की चावी अर्धवट सोडून रस्ता ओलांडायचा. पण वाढदिवसाचे कपडे शिवायला टाकून बापलेक परतत होते, कोंबी, म्हणजे शेअरची मिनीबस, खच्चून भरली होती, एफ्राइन दोन पोत्यांच्या मधे अडकला होता, आणि ड्रायव्हरने नेमकं तेच गाणं लावलं. पळायला जागाच नव्हती! आणि बाजूला यादिरा.

"बाबा! तुझं गाणं!"

मग त्याची छाती फुगली. तो सगळ्या गाडीला उद्देशून म्हणाला, "मंडळी, जरा लक्ष द्या! आत्ता या गाण्यात माझं नाव येणार आहे."

"तुमचं?" कंडक्टर म्हणाला. "उस्ताद, मग तिकीट माफ! नाव आलं तर!"

"आणि नाही आलं तर मी सगळ्या गाडीचं तिकीट काढतो!"

एकोणीस माणसं गप्प झाली. बटाट्याच्या पोत्यावर बसलेल्या एका आजीबाईने तोंडातला मका चावायचा थांबवला. वाद्यं थांबली. दागोबेर्तोचा आवाज आला, "आणि आता... खरवड, जेर्सन, खरवड!"

आजीबाईने मका गिळला. मग आजीबाई म्हणाली, "अभिनंदन हो, जेर्सन!"

हास्याचा असा काही स्फोट झाला की ड्रायव्हरने घाबरून ब्रेक मारला. दागोबेर्तोने नव्या पोरांना घेऊन गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं होतं आणि सतरा वर्षं तेच वाजत होतं. हे दोघं सोडून सगळ्या शहराला माहीत होतं. शब्दाला जागून त्याने सगळ्यांची तिकिटं काढली. उतरताना कंडक्टर ओरडला, "जेर्सन उतरतोय, सावकाश घ्या!"

दुसऱ्या दिवशी त्याच्या टपरीवर पहिलं गिऱ्हाईक आलं. "जेर्सनभाऊ, दोन चाव्या."

पण खरं लागलं ते यादिराचं बोलणं. ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. जेवताना ती अगदी हळुवार आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तशी म्हणाली, "बाबा, आपण वॉल्ट्झच लावू या. मैत्रिणींना मी सांगेन की माझंच काहीतरी चुकलं."

"तुला वाटतं मी खोटं बोललो?"

"नाही रे बाबा." ती ताटाकडे बघत म्हणाली. "पण तू फोटोतसुद्धा नाहीस."

ते खरं होतं. बँडच्या एकुलत्या एका फोटोत एफ्राइन होता, पण स्पीकरच्या मागे.

आता जुनं रेकॉर्डिंग शोधणं आलं. इंटरनेटवर गाण्याच्या अकरा प्रती होत्या. एफ्राइनने अकराही ऐकल्या. अकरा वेळा जेर्सन! बासवाल्या पाद्र्याकडे कॅसेट होत्या, पण त्या सगळ्यांवर त्याने प्रवचनं भरून ठेवली होती. शेवटी दोघं बापलेक बस पकडून इंहेनियोला गेले. तिथे बँडची जुनी गायिका नेल्वा तळ्यात ट्राउट मासे पाळायची.

नेल्वा गमबूट घालून तळ्यात उभी होती. "एफ्राइन! अजून जिवंत आहेस? आणि ही कोण? तुझ्यावर गेलेली दिसत नाही, नशीबवान आहे!"

एफ्राइनने हकिकत सांगितली. नेल्वाने गमबुटातला एक पाय वर काढला, पाणी ओतलं आणि म्हणाली, "सीडी आहे माझ्याकडे. ती बघ."

तळ्यावर दोरी ताणलेली होती. बगळे मासे पळवू नयेत म्हणून दोरीला चमकणाऱ्या चकत्या टांगलेल्या. तिसरी चकती म्हणजे लोस सेमाफोरोस. मूळ आवृत्ती!

"काय करू, बगळे घाबरतात रे," नेल्वा म्हणाली. "आपल्या गाण्याला माणसं घाबरायची, तेव्हापासून माहीत होतं मला."

तिने सीडी स्कर्टला पुसली आणि जुन्या प्लेअरमध्ये घातली. गाणं सुरू झालं! नेल्वाचा तिशीतला आवाज ऐकून पन्नाशीची नेल्वा प्लेअरजवळ सरकली. एफ्राइनने यादिराचं मनगट घट्ट धरलं. दोन मिनिटं दहा. अकरा. बारा. तेरा. वाद्यं थांबली.

"आणि आता..." दागोबेर्तो म्हणाला. "आणि आता... आणि आता... आणि आता..."

सतरा वेळा! नेल्वाने प्लेअरला चापट मारली. मशीनने उडी घेतली आणि थेट शेवटचं कडवं लागलं.

"बरोबर तुझ्या नावापाशीच अडकलं," नेल्वा म्हणाली. "एफ्राइन, एक सांगू? दागोबेर्तोला जाऊन विचार. मूळ टेप त्याच्याकडे असणार."

"त्याला? त्या तीन तासवाल्याला? मेलो तरी विचारणार नाही!"

 यादिराने सीडी प्लेअरमधून काढली आणि ती नेल्वाच्या दोरीला परत बांधू लागली. 

रविवारी चिल्कातल्या मैदानावर बटाटा व्यापाऱ्यांचा वार्षिक मेळावा होता आणि भर दुपारी लोस सेमाफोरोसचा कार्यक्रम. एफ्राइन यादिराला घेऊन गेला. विचारायचं नव्हतंच. त्याने दुसरी युक्ती काढली होती. कार्यक्रमात लोक चिठ्ठ्या पाठवतात आणि गाण्याच्या मधे त्या मोठ्याने वाचल्या जातात: अमक्याच्या लग्नाला सलाम, तमक्या कुटुंबाला सलाम. एफ्राइनने चिठ्ठी लिहिली. "एफ्राइन ओरिवेला. पहिल्या नऊंपैकी एक. गुइरो. मुलगी यादिरा. पंधरावं वर्ष." दागोबेर्तो वाचेल, चपापेल, हजार लोकांसमोर नाव घेईल आणि यादिरा स्वतःच्या कानांनी ऐकेल. बेत बिनचूक होता!

दागोबेर्तो आता साठीचा होता आणि स्टेजवर चष्मा लावायला लाजायचा. त्याने चिठ्ठी हातभर लांब धरली, पहिली ओळ वाचली, शेवटची ओळ वाचली, आणि मधलं सगळं गिळून टाकलं.

"आज आपल्यात एक राजकन्या आहे! पंधरा वर्षांची कोवळी कळी! टाळ्या, मंडळी, एफ्राइनसाठी! कुठे आहेस पोरी? लाजू नकोस, वर ये!"

"बाबा," यादिरा म्हणाली, "तुला बोलावतायत."

"गप्प बस. खाली वाक."

पण मागे कोंबीतला तो कंडक्टर उभा होता. "अहो, हा बघा एफ्राइन! परवापर्यंत जेर्सन होता!" लोकांनी पन्नाशीला टेकलेल्या, मिशीवाल्या, टक्कल पडलेल्या राजकन्येला डोक्यावरून पुढे ढकलत नेलं आणि स्टेजवर उभं केलं. बायकांनी फुलं फेकली. कुणीतरी बटाटा फेकला, पण प्रेमाने.

दागोबेर्तो गुच्छ घेऊन पुढे आला. पापा घ्यायला वाकला. थांबला.

"तू?"

"मी."

"पंधरा वर्षांचा?"

"चिठ्ठी नीट वाच की आंधळ्या!"

माइक चालू होता. मैदान हसून लोळलं. दागोबेर्तोने माइकवर हात ठेवला. "अकरा दिवस, एफ्राइन. अकरा दिवस मी कुणाला घेतलं नाही. भोपळ्याशिवाय चार कार्यक्रम केले, लोकांनी बाटल्या मारल्या. तू येशील, तू येशील करत बसलो."

"अकरा? मला तर तीन तास सांगितलं!"

"कुणी?"

एफ्राइनला आठवेना. एकोणीस वर्षं ज्या वाक्यावर काढली, ते कुणाच्या तोंडचं होतं, त्याला खरंच आठवेना.

"मी सात दिवस दारात बसलो होतो," तो म्हणाला. "रोज दाढी करून."

"मग पाच दिवस अजून बसायचं होतंस, गाढवा! बाराव्या दिवशी मी आलो होतो. तू घरी नव्हतास."

"चाव्यांचं मशीन आणायला गेलो होतो."

 मग जेर्सन पुढे आला. तोही आता चाळिशीचा, पोट सुटलेला. त्याने भोपळा एफ्राइनच्या हातात दिला. "घ्या, उस्ताद. तुमचाच आहे हा. मी फक्त सांभाळला."

गाणं सुरू झालं. एफ्राइनचं मनगट पहिल्या दोन ओळी गोंधळलं, मग त्याला सगळं आठवलं. खर्र-च-च! लोक नाचायला लागले. वाद्यं थांबली. एफ्राइनने खालून बघणाऱ्या यादिराकडे पाहिलं. दागोबेर्तोने छाती भरून श्वास घेतला आणि सतरा वर्षांच्या सवयीने ओरडला, "आणि आता... खरवड, जेर्सन, खरवड!"

बाजूला उभ्या जेर्सनने सवयीने हात वर केला. मैदानाने जेर्सनसाठी टाळ्या वाजवल्या. एफ्राइन अकरा सेकंद खरवडत राहिला. दुसरं करणार काय!

कार्यक्रम संपल्यावर दागोबेर्तोने कान पकडले, पण मूळ टेप नव्हतीच. तिच्यावरच नवी आवृत्ती भरली होती, टेप महाग होती तेव्हा. एफ्राइनने मान हलवली आणि यादिराला शोधायला लागला. ती स्टेजच्या मागे जेर्सनशी बोलत होती.

"तुझ्या बाबांची कॅसेट ऐकून शिकलो मी," जेर्सन तिला सांगत होता. "ते अकरा सेकंद इतक्या वेळा मागे-पुढे केले की टेप तुटली. पहिल्या दिवशी दागोबेर्तो म्हणाला, बरा वाजवतोस, पण एफ्राइन नाहीस. अजूनही म्हणतो. हरामखोर आहे."

यादिरा बापाकडे वळली.  मग म्हणाली, "वॉल्ट्झ रद्द."

"अगं, पण रेकॉर्ड कुठाय? सगळीकडे जेर्सनच."

"रेकॉर्ड कशाला? तू वाजव. समोर, सगळ्यांच्या पुढे. ओरडायचं काम माझं."

"आणि नाचणार कुणाबरोबर?"

"ते बघू. जेर्सनकाका आहेत."

जेर्सनने भोपळा पिशवीत घालून दिला. घरी येईपर्यंत एफ्राइन कोंबीत उभ्या उभ्या हवेतच मनगट फिरवत होता. रात्री जेवणाआधी दोनदा सराव केला, जेवणानंतर पाच वेळा. सकाळी सुजल्या हाताने त्याला चावीचं मशीन चालू करता येईना. यादिराने झग्यासाठी आणलेली मापाची टेप काढली आणि त्याला हात टेबलावर ठेवायला सांगितलं.

डावं मनगट सतरा सेंटिमीटर. उजवं साडेएकवीस. वाढदिवसाला चार दिवस.