बाळयेशूचं ऊन

आमच्या रानात जमिनीखाली काहीही नाही, हे मी छातीठोकपणे सांगत होतो. बांधकाम मंजूर करणाऱ्या कार्यालयात सांगितलं, पबमध्ये सांगितलं, फादरांनाही सांगितलं. आता लोक त्या रानाला 'चर्चचं रान' म्हणतात, हे खरं. पण शेजारच्या रानाला 'राजाचं रान' म्हणतात, आणि तिथे आजवर टिमोथीच्या गाढवाशिवाय कुणी राहिलेलं नाही!

कार्यालय ऐकेना. तिथे तेराशे वर्षांपूर्वी चर्च असावं, म्हणे! आधी चाचणीचे चर खणा, काही निघालं नाही तरच घर बांधा.

घर हवं होतं, कारण लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मी आणि सोर्का माझ्या आईच्या माडीवर राहत होतो. खाली आई, कन्सेप्टा, वय ब्याऐंशी, कान तिखट. आम्ही वर कुजबुजलो तरी ती खालून उत्तर देते! रानाचं दूरचं टोक तिच्या दारापासून चारशे पावलं. सोर्कानं ती स्वतः मोजली होती.

चर तपासायला नेमलेल्या पुरातत्त्वाच्या डर्व्हलाबाई म्हणाल्या, "चिखलात मला काही कळत नाही. ऊन पडलं की फोन करा."

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऊन! ठरवलेल्या तीन तारखा पावसात वाहून गेल्या.

मग मला नामी युक्ती सुचली. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे प्रागच्या बाळयेशूची मूर्ती बाहेर कुंपणाखाली ठेवतात, म्हणजे पाऊस पडत नाही. आईच्या कपाटावरची मूर्ती मी नेऊन ठेवली.

"दोन दिवसांत आत आण हो," आई म्हणाली. "देवाला फार ताणू नये."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन! बाईंना फोन लावला.

"अहो, ऊन काय तुमच्याच अंगणात पडलंय? सगळेच बोलावतायत! पाच आठवड्यांनी येते."

आता मूर्ती आत आणून पाऊस कोण ओढवून घेणार? राहू दिली. पाच आठवडे थेंब नाही! गवत करपलं, गायी माझ्याकडे रागानं बघू लागल्या, गावात पाण्याचे टँकर फिरू लागले. मी मूर्तीला हात लावला नाही.

बाई आल्या. जेसीबीनं पहिला चर खणला. माती. दुसरा खणला. माती. तिसऱ्यात गंजलेला लोखंडी तुकडा निघाला आणि मी धावत चरापाशी गेलो.

"गाढवाचा नाल," बाई म्हणाल्या. "सात चर राहिले. असंच चाललं तर शुक्रवारी सुटलात!"

मी सोर्काला तिथेच मिठी मारली. पण आमच्याकडे आलेला माणूस चहाशिवाय जाईल? आईनं बाईंना घरात ओढलंच.

"हात वर न्हाणीघरात धुवा बाई. खालच्या नळाला पाणी नाही, वर टाकीत थोडं आहे."

बाई वर गेल्या, आणि किंचाळल्या!

आम्ही धावलो. थंडीपायी अकरा वर्षांत न उघडलेली दुधी काचेची खिडकी त्यांनी उकडतंय म्हणून उघडली होती. समोर पिवळ्या रानात एक हिरवंगार वर्तुळ. आत दुसरं वर्तुळ. त्याच्या आत चौकोन.

"जुना खंदक बुजला तरी ओल धरतो हो!" बाई खिडकीतून बाहेर वाकून म्हणाल्या. "बाकी सगळं करपलं की तेवढंच हिरवं राहतं. पण त्यासाठी असं कोरडं पडावं लागतं. काय नशीब तुमचं!"

"हो ना," मी म्हणालो. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं.

चौथा चर त्यांनी थेट वर्तुळावरच घेतला. खंदक निघाला, पायाचे दगड निघाले, क्रूस कोरलेली शिळा निघाली! फादर आले, पाठोपाठ गाव आलं. आई शिळेपुढे गुडघे टेकून रडली. मीही रडलो.

महिन्याभरानं नकाशा आला. सगळं रान लाल रेघांनी भरलेलं, तिथे बांधकाम बंद. बाईंनी मेहेरबानीनं एकच कोपरा पांढरा सोडला होता. तिथे काही निघालं नाही, घर खुशाल बांधा!

"कुठला कोपरा?" सोर्कानं विचारलं.

आईनं चष्मा लावून पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. "अगं, हा तर माझ्या स्वयंपाकघराला लागून! भिंतीला भिंत! मधे एक दार काढू, म्हणजे मला बाहेरून यायला नको!"

सोर्कानं नकाशाची घडी घातली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "फर्गल, त्या लाल भागात आपल्याला मेल्यावर पुरायची तरी परवानगी मिळेल का रे?"

मी कार्यालयात फोन करून विचारलं. त्यासाठीही खणावं लागतं, म्हणून नाही म्हणाले.