जिन्यात अडकलेली लस

"आज दहा वाजता खालच्या हॉलमध्ये यायचं," मिस्त्रींच्या बायकोने चहाचा कप ठेवता ठेवता बजावले. "फ्लूची लस आहे. मागच्या वर्षीसारखं ऐन वेळी कुणाची खिडकी बसवायला जाऊ नका."

"छे, खिडकी कसली," मिस्त्री म्हणाले. "आज बाळाचं कपाट खाली आणायचंय."

मिस्त्री नावाजलेले सुतार. ओठांत खिळे धरून गप्पा मारायचे, बोटावर हातोडी बसली तर बोट झटकून पुढचा खिळा ठोकायचे. पण इंजेक्शनची सुई दिसली की या गड्याचे पाय लटपटायचे. हे गुपित त्यांनी जिवापाड जपले होते. म्हणजे बायको, मेहुणी, लेक आणि समोरचा किराणावाला सोडला तर कुणालाही ठाऊक नव्हते.

यंदा मात्र लेकीने कोंडीत पकडले होते. तिला मुलगी झाली होती, मिस्त्रींची पहिली नात, आणि काही आठवड्यांनी ती बाळाला घेऊन माहेरी येणार होती. "एवढ्याशा बाळाला फ्लूची लस देत नाहीत, म्हणून आपण घ्यायची," तिने फोनवर सांगितले होते. "ज्यानं घेतली नाही, त्याच्या हातात बाळ नाही. आणि बाबा, तुमच्या शब्दावर नाही हं. मावशीनं सांगायला हवं."

मावशी म्हणजे मिस्त्रींची मेहुणी. ती नर्स होती आणि आजची लस तीच देणार होती, त्यामुळे थापेलाही जागा उरली नव्हती. नातीसाठी मिस्त्रींनी गच्चीवरच्या खोलीत एक देखणे कपाट बनवले होते. आता तेच पळवाट म्हणून कामी येणार होते. माणूस कामात अडकला की त्याला ओढून कोण नेणार? राहून गेली म्हणायचे, पुढे लेक विरघळेलच.

मदतीला शेजारचे बस कंडक्टर आले. ते वरून धरणार, मिस्त्री खालून. दुसऱ्या मजल्यापर्यंत कपाट शहाण्यासारखे उतरले. त्याच्या खालच्या वळणावर मात्र ते कठडा आणि भिंत यांच्यात असे रुतले की वर जाईना, खाली येईना.

"मिस्त्री, माप घेतलं होतं ना?" कंडक्टरांनी वरून विचारले.

"दाराचं घेतलं होतं."

"आणि जिन्याचं?"

हा प्रश्न मिस्त्रींना ऐकूच आला नाही. हात सोडला तर कपाट कठडा मोडून घसरणार, म्हणून त्यांनी उजवा खांदा लावून ठेवला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. त्यांचा डावा हात एकदा विजारीच्या खिशाकडे गेला आणि, का कोण जाणे, तसाच परत आला. तेवढ्यात वरून ओळखीचा आवाज आला.

"भावजी, हे काय मांडून ठेवलंय वाटेत?"

मेहुणी दुसऱ्या मजल्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या आजींना लस द्यायला गेली होती. ती आता लसींचा बर्फाचा डबा घेऊन खाली निघाली होती.

"अडकलंय गं," मिस्त्री म्हणाले. त्यांना फार वाईट वाटल्यासारखे दिसत नव्हते. लस वर, माणसे खाली आणि मधे आपल्या हातचे भक्कम कपाट. "आता आजचं रद्दच करावं लागणार, नाही का?"

खाली ताटकळलेली मंडळी एव्हाना जिना चढून मिस्त्रींच्या पाठीशी येऊन ठेपली होती. कपाटाला दारे बसायची होती आणि पाठीची फळीही ठोकायची होती, त्यामुळे खणांतून आरपार दिसत होते. कंडक्टरांनी वाकून पाहिले.

"सिस्टर, ही तर खिडकीच आहे की. माणूस मावणार नाही, पण हात मावेल."

झाले. मेहुणीने हात स्वच्छ धुवून येऊन वरच्या पायरीवर बैठक मारली आणि पहिली लस कंडक्टरांनाच दिली. लगेच कंडक्टरांनी अंगावर गणवेश असल्यासारखा आवाज लावला, "चला, एकेकानं हात आत घाला. झालेल्यांनी खाली उतरून घ्या, जिन्यात गर्दी नको."

मिस्त्रींच्या नाकासमोरून हात जाऊ लागले. गोरे, काळे, बांगड्यांचे, घड्याळाचे. खांद्यापर्यंत हात आत गेला की खण झाकला जाई आणि अलीकडून सुई दिसत नसे, त्यामुळे भित्री माणसेही तोऱ्यात हात घालत होती.

"टोचली का?" किराणावाल्याने विचारले.

"मघाशीच. हात काढा आता," वरून उत्तर आले.

मिस्त्रींच्या बायकोनेही लस टोचून घेतली आणि ती नवऱ्याला चिकटून कपाटाला आधार देत उभी राहिली. रांग संपली.

"एक उरली," मेहुणी म्हणाली.

बायकोने फोन काढून मिस्त्रींसमोर धरला. फोटोत नात जांभई देत होती. मिस्त्रींच्या मनात आले, आपण हिला लांबून बघायचे आणि शेजारचा कंडक्टर हिला मांडीवर घेणार!

त्यांनी डोळे गच्च मिटले आणि डावा हात खणात घातला.

"भावजी, नक्की देऊ ना?"

"दे. पण तीनपर्यंत मोज."

"एक, दोन..."

"आई गं!" मिस्त्री ओरडले.

"अहो, स्पिरिटचा बोळा आहे तो. अजून टोचलं कुठं?" मेहुणी म्हणाली. "तीन. हं, आता झालं."

मिस्त्रींनी एक डोळा उघडला. ते उभे होते. पायही जागेवर होते. एवढ्यासाठी आपण इतकी वर्षे दुसऱ्यांच्या खिडक्या बसवत हिंडलो, याची त्यांना लाज वाटली आणि हसूही आले.

"आता काढा तो स्क्रू ड्रायव्हर," बायको हळूच म्हणाली.

"कुठला?"

"खिशातला. मघापासून माझ्या कमरेत रुततोय. लसीपेक्षा तोच जास्त दुखला."

मिस्त्रींनी खाली वाकून स्क्रू काढले. कपाटाचे वीतभर पाय सुटले आणि ते लोण्यातून सुरी जावी तसे वळणावरून निघाले.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारले. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर कपाट खाली आलं असतं आणि तुम्ही गच्चीवर गेला असता."

पुढे मिस्त्रींनी त्या दंडाचे फार कौतुक करून घेतले. दोन दिवसांत थांबलेले दुखणे त्यांनी थेट लेक येईपर्यंत पुरवले. पिशवी उचलायची म्हटली की दंड दुखे, आयता चहा आला की जरा बरा वाटे. लेक आली त्या दिवशी ते दारातच दोन्ही हात पसरून उभे होते.

"बाबा, मावशीनं सांगितलं, शाब्बास," लेक म्हणाली. "पण तुमचा दंड अजून दुखतोय म्हणे. मग राहू दे, बाळाला आई घेईल."

मिस्त्रींचा दंड तिथल्या तिथे बरा झाला.