बर्फकाकांनी पाहिलेला शो

बर्फकाका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होते आणि थंडी या विषयात आपल्या तोडीचा माणूस आसपास नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. (आसपासच्या माणसांचं मत त्यांनी कधी विचारलं नव्हतं.) सफरचंदांच्या पेट्या आणि लोण्याचे ठोकळे यांच्या सहवासात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. दुपारी डबा खाऊन झाला की मफलर कानांवर ओढून, पेट्यांना टेकून ते अशी काही डुलकी काढत की एकदा हमालांनी त्यांनाही पेटीबरोबर ट्रकमध्ये चढवायला घेतलं होतं. "सर्दी? सर्दी मला ओळखते. रस्ता बदलून जाते," असं ते सगळ्यांना सांगायचे.

त्यामुळे शहरात बर्फावरच्या स्केटिंगचा शो आला, तेव्हा घरात पहिली उडी लेकीने मारली आणि प्लॅनिंग मात्र बर्फकाकांनी हातात घेतलं. लेक बरेच दिवस मोजे घालून स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत घसरत होती. दाराशी पोचली की एका पायावर उभी राहायची, हात पसरायची आणि तिथल्या चपला-बुटांपुढे वाकायची. (टाळ्या जोरात पडत असाव्यात, कारण ती बराच वेळ वाकलेली असे.) त्या शोपलीकडे तिला सध्या काही दिसत नव्हतं.

"तिकिटं काढली की झालं. त्यात प्लॅनिंग कसलं?" बायको म्हणाली.

"हॉलमध्ये थंडी किती असेल, कल्पना आहे? अर्ध्यातून कुडकुडत बाहेर यायचंय का? शरीराला आधी सवय लावावी लागते."

"अहो, लोक स्वेटर घालून जातात."

"लोक," बर्फकाका म्हणाले. लोकांबद्दल त्यांना काय वाटतं, ते तेवढ्या एका शब्दात आलं.

झालं. शनिवारी बायको आणि लेक कोल्ड स्टोरेजमध्ये, उलट्या ठेवलेल्या पेट्यांवर, लोण्याच्या ठोकळ्यांकडे तोंड करून बसल्या. स्वेटर घालायला मनाई होती, कारण स्वेटर घातला तर शरीर शिकणार कसं? शोसाठी खास राहायला आलेल्या सासूबाईंनी मात्र आत यायला साफ नकार दिला. "तालीम नटांनी करायची असते. मी प्रेक्षक आहे," असं म्हणून त्या बाहेर उन्हात विणकाम घेऊन बसल्या.

लेकीची तक्रार नव्हती. तोंडातून निघणाऱ्या वाफेकडे बघत ती पेट्यांच्या मधल्या वाटेवरून घसरत होती आणि मनाने केव्हाच शोमध्ये पोचली होती. शरीराला थंडी कशी शिकवावी ते समजावून सांगताना बर्फकाका क्षणभर पेटीला टेकले आणि सवयीप्रमाणे त्यांचा डोळा लागला. लेक रंगात आलेली, आणि बायकोचे दात इतके वाजत होते की तिला हाक मारता येईना. तालीम चांगलीच लांबली.

रविवारी सकाळी दोघी आडव्या. नाकं लाल, अंगात कणकण. लेक खिडकीशी पांघरूण घेऊन बसली होती. ती रडत नव्हती. ती रडली असती तर बरं, असं बर्फकाकांना वाटलं.

"मीही जात नाही," ते म्हणाले.

"नाही बाबा, तुम्ही आणि आजी जा." तिचा आवाज पार नाकात गेला होता. "सगळं नीट बघून ठेवा आणि मला सांगा. पाय कसा उचलतात तेसुद्धा."

बर्फकाकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पापणीसुद्धा हलवणार नाही," ते म्हणाले, आणि त्या क्षणी ते त्यांना शंभर टक्के खरं वाटत होतं.

हॉलमधल्या खुर्च्या मऊ होत्या. सासूबाईंनी बसल्या बसल्या विणकाम काढलं. बर्फकाकांनी एक दीर्घ श्वास घेतला, आणि त्यांना एकदम घरच्यासारखं वाटलं. दुपारच्या पेट्यांपाशी असते तीच ही थंडी, तोच ओलसर, स्वच्छ वास. त्यांनी मफलर कानांवर ओढला. दिवे मंद झाले आणि शो सुरू झाला.

पहाटेच्या उजेडाचा असावा तसा निळा बर्फ पसरला होता. त्यावर पांढऱ्या कपड्यांतल्या मुली आल्या, पावलांचा आवाज नाही की श्वासाचा नाही. त्यांच्या पायांनी बर्फावर लांबलचक वळणं उमटत गेली आणि ती पुसली जाईनात, उलट हळूहळू उजळत गेली. मग कुठूनशी लाल सफरचंदं घरंगळत आली, माणसाएवढी. एकेक सफरचंद अलगद उघडायचं आणि आतून एकेक नर्तकी बाहेर पडायची. (यात बर्फकाकांना काहीही वावगं वाटलं नाही.) शेवटी एक लहानशी मुलगी आली. तिच्या पायांत नुसते मोजे होते. ती एका पायावर उभी राहिली, हात पसरून वाकली आणि कडेला ओळीने मांडलेल्या चपला-बुटांनी टाळ्या वाजवल्या. बर्फकाकांचे डोळे भरून आले. तेवढ्यात काळ्या कोटातला एक गृहस्थ घसरत थेट त्यांच्या खुर्चीपाशी आला आणि हात जोडून फार कळकळीने काहीतरी बोलला. बर्फकाकांनी त्याला शांतपणे उत्तर दिलं. तो मागच्या मागे तरंगत दूर गेला आणि सगळा हॉल उठून उभा राहिला.

"उठा आता," सासूबाई म्हणाल्या. "चला घरी."

खरोखरच सगळे उभे होते. दिवे लागले होते. घरी येईपर्यंत बर्फकाका एक अक्षर बोलले नाहीत, इतकं त्यांचं मन भरलं होतं. सासूबाई मधूनमधून त्यांच्याकडे बघत होत्या.

घरी आल्यावर मात्र त्यांनी सगळं सांगितलं. लेक नाक पुसायचं विसरली. बायको डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत होती, ती टॉवेलमधून बाहेर आली. मोजेवाल्या मुलीपाशी लेकीने त्यांचा हात घट्ट धरला.

"आणि तो काळा कोटवाला नेमका माझ्याकडेच आला," बर्फकाका म्हणाले. "एवढ्या हॉलमधून. हात जोडून."

"मग तुम्ही काय म्हणालात?" बायकोने विचारलं.

बर्फकाकांनी आठवून पाहिलं. "मी म्हणालो, आज सुट्टी आहे, उद्या ऑफिसात या."

"असं का म्हणालात?"

"ते मलाही कळलं नाही," बर्फकाका प्रामाणिकपणे म्हणाले.

सासूबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. "तेवढं खरं घडलं," त्या म्हणाल्या. "बाकीचं मी नाही पाहिलं."

"आई, म्हणजे?"

"अगं, शो झालाच नाही. त्यांचं गारव्याचं मशीन बंद पडलं, बर्फाचं पाणी व्हायला लागलं. तो काळा कोटवाला मॅनेजर होता, हवालदिल होऊन सगळ्यांना विचारत होता. मीच त्याला सांगितलं, आमचे जावई याच धंद्यातले आहेत. बिचारा धावत आला. मी यांना हलवलं. यांनी डोळे उघडले, त्याला उद्या यायला सांगितलं आणि परत मिटले. मग त्याने माइकवर सांगून टाकलं, आजचा शो रद्द, पुढच्या रविवारी हीच तिकिटं चालतील."

"मग तू इतका वेळ गप्प का बसलीस?"

"इतकं छान सांगत होते," सासूबाई म्हणाल्या. "मलाही पुढे काय होतं ते ऐकायचं होतं."

बर्फकाकांनी जमिनीकडे पाहिलं. पण लेक पांघरूण टाकून उठली होती आणि तिचा चेहरा उजळला होता. "म्हणजे बाबांनी माझ्यासाठी शो थांबवला?"

बायकोने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, लेकीकडे पाहिलं आणि मिटलं. बर्फकाकांनी संधी ओळखली. मान ताठ केली, चेहऱ्यावर जरा मोठेपणा आणला आणि "अगं, त्यात काय एवढं" म्हणण्यासाठी तोंड उघडलं. त्यातून जी शिंक बाहेर पडली, तिने स्वयंपाकघरातली भांडी हलली. या वेळी सर्दीने रस्ता बदलला नव्हता.

आयुष्यभराची बाकी तिने एकदम वसूल केली. पुढच्या रविवारी बर्फकाका अजून अंथरुणातच होते. प्लॅनिंग बायकोने केलं होतं, म्हणजे प्रत्येकीने स्वेटर घातला होता.

"नीट बघा," पांघरुणातून ते क्षीण आवाजात म्हणाले. "आणि आल्यावर मला सगळं सांगा."

लेक दारातून परत आली. तिने मफलर त्यांच्या कानांवर नीट ओढला.

"तुम्ही झोपा ना बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला इथूनच दिसतं."