कंडक्टरबाईंच्या गिटारीचे डोहाळे

आमच्या जयसिंगपुरात माणसाला नवी इलेक्ट्रिक गिटार हवी झाली की त्याला डोहाळे लागतात. सकाळी मळमळतं, दुपारी डोळ्यांवर झापड येते आणि डाव्या हाताच्या बोटांची टोकं उगाचच ठणकतात. डॉक्टर बोटं दाबून बघतात, हसतात आणि घरच्यांना म्हणतात, "काळजीचं कारण नाही. मगदुमांकडं घेऊन जावा."

मगदूम म्हणजे मी, भरतेश मगदूम. नवव्या गल्लीत माझा गिटारींचा कारखाना आहे. मी गिटारी करतो आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं काम आई करते.

बाहेरगावच्या लोकांना हे माहीत नसतं. ते चित्रं घेऊन येतात. मागे पुण्याहून एक गृहस्थ आले होते. त्यांनी कॉम्प्युटरवर गिटार काढून आणली होती, चंद्रकोरीच्या आकाराची, आत दिवे लागणारी. चित्र फार सुंदर होतं. आईनं ते नीट पाहिलं आणि विचारलं, "उलट्या होतात का?"

"नाही," ते म्हणाले.

"आंबट खावंसं वाटतं?"

"नाही हो. पण या चित्रात..."

"मग अजून काही नाही. घरी जावा. दिवस गेले की या."

दिवाळीनंतर ते खिशात लिंबू घेऊन परत आले, तेव्हा आम्ही त्यांचं काम घेतलं. त्यांना भाजलेल्या कणसाचे डोहाळे लागले होते. गिटार चंद्रकोरीची झाली नाही, कणसाची झाली. अंग पिवळं, मध्ये मध्ये करपलेलं, आणि वाजवली की हाताला किंचित मीठ लागतं. गृहस्थ खूश आहेत.

डोहाळे खरे असले की आकार आपोआप ठरतो. गिरणीवाल्या आण्णाप्पांना पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटायची. त्यांची गिटार काळी, पाटीसारखी आहे. ते तिच्यावरच गाणं लिहितात, वाजवतात आणि ओल्या फडक्यानं पुसून टाकतात. दातांच्या डॉक्टरांना बर्फाचे डोहाळे होते. त्यांची गिटार आरपार दिसते आणि उन्हाळ्यात तिच्याखाली ताट ठेवावं लागतं.

फक्त एक गोष्ट सांभाळायची असते. तारा चढायच्या आत डोहाळे पुरवले गेले पाहिजेत. नाहीतर गिटारीचा कान वाहतो.

हे उपाध्ये सरांच्या बाबतीत झालं. सर विद्युत गिटार हौशी मंडळाचे सचिव आहेत आणि त्याआधी हायस्कुलात शिक्षक होते. आईनं त्यांना खूप विचारलं, पण त्यांनी डोहाळे सांगितले नाहीत. "आहे आपलं काहीतरी," एवढंच म्हणाले. त्यांच्या गिटारीच्या खुंट्यांतून आता सूर गळतो. संध्याकाळी तार लावून ठेवली की गाणं संपेपर्यंत सगळा सूर खालच्या सतरंजीवर आलेला असतो. सरांच्या सौभाग्यवतींची तक्रार आहे की सतरंजी गुणगुणते आणि डोळ्याला डोळा लागत नाही. सर खुंट्यांत कापूस घालतात. याला औषध नाही, आयुष्यभर असंच चालतं.

सर शाळेत मला वर्गशिक्षक होते. मी पहिल्या बाकावर बसायचो. सर माझ्याकडं बघून "मगदूम" म्हणायचे. मी सरांकडं बघायचो. 'हजर' हा शब्द काही माझ्या तोंडातून निघायचा नाही, म्हणून सर माझी गैरहजेरी मांडायचे. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. नववीत माझी हजेरी इतकी कमी भरली की मला परीक्षेला बसता आलं नाही. मग मी लाकडात आलो. लाकूड हजेरी घेत नाही.

लाकडाची वखार शिरोळला आहे. मी कुरुंदवाडच्या एसटीनं जातो. त्या गाडीवर राजमती चौगुले कंडक्टर आहेत. त्या जवळ येऊन विचारतात, "कुठं?" मी सुटे पैसे पुढं करतो आणि खिडकीबाहेर बघतो. मग त्याच म्हणतात, "शिरोळ का?" मी मान हलवतो. त्या तिकीट फाडतात. बरीच वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही अडचण नव्हती.

एके दिवशी त्या खाकी कपड्यांत, खांद्याला पैशांची पिशवी तशीच अडकवून आमच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. मी रंधा खाली ठेवला आणि परत उचलला.

आईनं त्यांना पाट दिला. बोटं दाबून बघितली. "व्हय गं बाई. चांगली तयारी झालीय. मळमळतंय?"

"गाडी निघाली की लई मळमळतंय, काकू. थांबली की बरं वाटतंय."

"काय खावंसं वाटतंय? चिंच? कैरी? भट्टीतली माती?"

"खायचं काहीच नाही वाटत," त्या म्हणाल्या. "काहीतरी ऐकावंसं वाटतंय."

"काय?"

"ते सांगायचं नाही. मागून मिळालं तर त्याला चव नाही."

आईनं असले डोहाळे यापूर्वी हाताळले नव्हते, पण ती घाबरली नाही. तिनं त्यांना तव्यावर पाणी शिंपडून ऐकवलं. साखर कारखान्याचा भोंगा ऐकवला. आण्णाप्पांची गिरणी रिकामी फिरवायला लावली. बँडवाल्यांना बोलावून गल्लीत उभं केलं. राजमतीबाई प्रत्येक वेळी शांतपणे ऐकायच्या आणि म्हणायच्या, "चांगलं आहे. पण हे नव्हे."

डेपोत त्यांनी रीतसर कळवलं होतं. डेपो मॅनेजरनी विचारलं, "सहा तारांची का चार?" "अजून कळलं नाही," त्या म्हणाल्या. मॅनेजरनी त्यांना जड सामान उचलायला मनाई केली आणि खड्ड्यांचा रस्ता टाळायची सूचना ड्रायव्हरला दिली. ड्रायव्हर शिवगोंडा म्हणाला, "साहेब, मग गाडी डेपोतच फिरवू का?"

इकडं त्यांच्या गिटारीसाठी आणलेलं तुणीचं लाकूड माझ्या बाकावर तसंच पडून होतं. मी त्याच्यावर पेन्सिल टेकवायचो आणि आकार यायचा नाही. चौकोनी तुकडा चौकोनीच राहायचा. राजमतीबाई ड्युटी संपली की येऊन त्याच्यावर हात फिरवून जायच्या.

"कान वाहणारी निघाली तरी मी टाकायची नाही हं तिला," त्या आईला म्हणाल्या. "शेवटच्या फेरीला गाडी रिकामी असते. मागच्या सीटवर बसून वाजवायची, एवढंच मनात आहे. सूर गळला तर गाडीतच गळेल. झाडून काढीन."

त्या हे हसून म्हणाल्या. पण जाताना त्यांनी लाकडाच्या वरच्या टोकाला, जिथं खुंट्या येतात तिथं, आपला रुमाल बांधला. लहान मुलाच्या कानाला थंडीत बांधतात तसा.

डोहाळजेवण मंडळाच्या हॉलमध्ये झालं. झोपाळा सजवला होता. राजमतीबाईंना हिरवी साडी आणि फुलांचे दागिने घातले होते, हातात फुलांचं धनुष्य होतं. अशाच झोपाळ्यावर पूर्वी आण्णाप्पाही बसले होते आणि त्यांच्या मिशांना फुलांची वेणी फार शोभली होती. आता ते डोहाळ्याची गाणी म्हणत होते आणि त्यांच्या गिटारीवरून पुसलेले शब्द विसरत होते. शिवगोंडा ड्रायव्हर गाडी स्टँडवर लावून खाकीतच पंगतीला बसला होता.

मग दोन झाकलेल्या वाट्या आणल्या. पेढा निघाला तर सहा तारांची, बर्फी निघाली तर चार तारांची, आणि दोन्ही सारख्याच लाडाच्या, असं मंडळाच्या घटनेत आहे. राजमतीबाईंनी वाटी उघडली. बर्फी निघाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनीही वाजवल्या, पण फुलं हलली नाहीत इतक्या हळू.

आई माझ्या कानात म्हणाली, "भरत्या, आज नाही पुरले तर संपलं बघ. उद्या आकार आला नाही तरी मान बसवायची, परवा तारा."

तेवढ्यात उपाध्ये सर उभे राहिले. "माझा एक हरकतीचा मुद्दा आहे," ते म्हणाले. "घटनेनुसार डोहाळे गिटार करणाऱ्यानं स्वतः विचारायचे असतात. आजपर्यंत मगदूमकाकूंनी विचारले. हे घटनाबाह्य आहे."

"अहो सर, तो बोलत नाही म्हणून मी बोलते," आई म्हणाली. "तुमच्या वेळेला नव्हतं का मीच विचारलं?"

"तेच म्हणतोय मी!" सरांचा आवाज चढला. "बाईमाणसासमोर मी कसं सांगणार होतो, मला नगरपालिकेच्या इंजिनिअरच्या परसातले चोरलेले पेरू खावेसे वाटतात म्हणून?"

नगरपालिकेचे इंजिनिअर समोरच जिलबी खात होते. ते म्हणाले, "सर, मागायचे की."

"मागितलेले नको होते," सर म्हणाले आणि खाली बसले. "मगदूम, ऊठ. विचार."

मी उठलो. झोपाळ्यापर्यंत चालत गेलो. राजमतीबाई माझ्याकडं बघत होत्या. मला विचारायचं होतं, काय पाहिजे. मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

तेव्हा त्यांनी धनुष्य बाजूला ठेवलं, खांद्यावरची फुलांची माळ पिशवीच्या पट्ट्यासारखी नीट केली आणि विचारलं, "कुठं?"

माझा हात सवयीनं खिशात गेला. मी सुटे पैसे पुढं केले आणि खिडकीबाहेर बघितलं. खिडकीबाहेर मंडळाची पाण्याची टाकी होती. मी त्या टाकीकडं बघत थांबलो.

पण त्या "शिरोळ का?" म्हणाल्या नाहीत.

झोपाळा थांबला होता. पंगतीतले हात ताटावर थांबले होते. मागून शिवगोंडा म्हणाला, "घ्या बाबा सावकाश. गाडी काय जात नाही."

मी खिडकीवरून नजर काढली. त्यांच्याकडं बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. सगळा जीव कानांत आणून त्या बसल्या होत्या, आणि मला कळलं की भोंगा, गिरणी आणि बँड का चालले नाहीत ते.

"शिरोळ," मी म्हणालो.

नवी तार पहिल्यांदा छेडल्यावर लागते तसा तो आवाज लागला, थोडा वर. पण लागला. राजमतीबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर कैरीची पहिली फोड खाल्लेल्या माणसासारखा रंग आला.

"एक?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

इथं नेहमी मी मान हलवतो.

"दोन," मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडं, मग आईकडं, मग परत माझ्याकडं बघितलं आणि माझ्या हातातले पैसे मोजून घेतले. "सुटे बरोबर आहेत," त्या म्हणाल्या.

शिवगोंडानं चमच्यानं ताटावर टण टण अशी डबल बेल दिली. सगळा हॉल ओरडला. आण्णाप्पांना गाण्याचे सगळे शब्द एकदम आठवले. आई पदरानं डोळे पुसत प्रत्येकाला सांगत सुटली, "बोलला की ओ! माझ्यादेखत बोलला!"

त्या गोंधळात उपाध्ये सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. वर्गात बघायचे तसे त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"मगदूम."

"हजर, सर."

"बस खाली," सर म्हणाले. इंजिनिअर त्यांच्या मागेच उभे होते आणि परसाचं फाटक रात्री उघडं राहतं असं कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते.

मी घरी पोचल्या पोचल्या लाकडाला आकार आला. गिटार एसटीच्या लाल रंगाची झाली. मानेपासून अंगापर्यंत घंटीची दोरी आहे. एकदा ओढली की चारही तारा थांबतात, दोनदा ओढली की निघतात. कान कोरडा आहे. मी कापूस घालून बघितला, कापूस सुद्धा गुणगुणला नाही. शेवटच्या फेरीला राजमती मागच्या सीटवर बसून वाजवते आणि मी शेजारी बसतो. कंडक्टरला तिकीट लागत नाही, तरी ती दोन फाडते.

मी इतक्या लोकांच्या गिटारी केल्या, पण मला स्वतःला कधी डोहाळे लागले नव्हते. काल सकाळी उठलो तर मळमळत होतं. डाव्या हाताची बोटं ठणकत होती. आईनं ती दाबून बघितली आणि हसली.

"काय खावंसं वाटतंय?" तिनं विचारलं.

मी सांगायला लागलो. चुलीवरचं दूध उतू गेलं, तिनं उठून ते खाली ठेवलं, तरी माझं सांगणं चालूच होतं.

"एवढं सगळं?" आई म्हणाली. "थांब, कैरीला मीठ लावून आणते. मग परत पहिल्यापासून सांग."