न दिसणारा जोड

स्वयंपाकघराच्या नव्या जमिनीत कुठेच खोट सापडेना, तेव्हा आर्डिस हॉगनचा संशय पक्का झाला. हातात बॅटरी घेऊन ती सकाळपासून गुडघ्यांवर रांगत होती. नवरा डेलमार कॉफीचा पेला घेऊन तिच्या अंगावरून सांभाळून पलीकडे गेला.

"काही हरवलंय का?" त्याने विचारलं.

"जोड हरवलाय," ती म्हणाली.

अमेरिकेतल्या डुलूथ या बंदराच्या गावी, चढावरच्या त्या घरात स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामधली भिंत आर्डिसनेच हट्टाने पाडून घेतली होती. जेवणघरात डेलमारच्या वडिलांनी घातलेली ओकच्या लाकडाची जमीन होती. भिंत होती तिथे मात्र आता कच्च्या फळ्यांचा ओंगळ पट्टा उघडा पडला, आणि स्वयंपाकघरातलं लिनोलियमचं जुनं आवरण उचकटल्यावर खाली तसल्याच फळ्या निघाल्या. मग एमरी पेलटिए नावाचा सुतार बोलावला. हा माणूस फक्त लाकडी जमिनीच करायचा आणि कमी बोलायचा. आर्डिसला कमी बोलणारी माणसं आवडत नसत. त्यांच्या पोटात काय आहे ते कळायला मार्ग नसतो.

"नव्या पट्ट्या जुन्यांमध्ये गुंफून घेतो. मग सगळं एकदमच घासायचं आणि पॉलिश करायचं," एमरी म्हणाला. "जुनं कुठे संपलं नि नवं कुठे सुरू झालं, ते तुम्हालासुद्धा कळणार नाही."

"मला नाही कळलं तर कुणाला कळायचं?" आर्डिस म्हणाली.

त्याने नव्या ओकच्या मोळ्या आणून जेवणघरात टाकल्या आणि तो निघून गेला. दिवसामागून दिवस गेले, तरी माणसाचा पत्ता नाही. आर्डिसने फोन केला.

"लाकडाला घराची सवय होऊ द्या, मिसेस हॉगन. इथली हवा पिऊ दे त्याला."

"लाकूड आहे की मांजर?" फोन ठेवून ती डेलमारला म्हणाली.

अखेर तो आला, आणि आल्या आल्या त्याने जेवणघरातल्या धडधाकट जुन्या पट्ट्या उपटायला घेतल्या.

"अरे, चांगल्या पट्ट्या कशाला काढतोस?"

"सगळ्या एकाच ठिकाणी संपतायत ना, तिथे सरळ रेघ दिसेल. मधल्या काही काढल्या की त्या जागी नव्या आत शिरतील."

काढलेल्या पट्ट्या त्याने गाडीत भरल्या. आर्डिसने पडद्याआडून ते पाहिलं. जुनं लाकूड गाडीत जाताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, पण नवं लाकूड जमिनीत जाताना मात्र तिला बघता आलं नाही. धूळ आणि पॉलिशचा वास यामुळे दोघांना शेजारीण लव्हॉन हिच्याकडे मुक्काम हलवावा लागला होता.

परत आली, तर ही अशी जमीन. खिडकीपासून चुलीपर्यंत एकाच रंगाची, एकाच अंगाची, तळ्याच्या पाण्यासारखी शांत.

"शोधा आता जोड," एमरी म्हणाला. तो पहिल्यांदाच हसला, आणि तिथेच त्याचं चुकलं.

"डेल," आर्डिस बॅटरी विझवत म्हणाली, "नवं लाकूड इतकं जुन्यासारखं दिसेलच कसं?"

"तेच तर त्याचं कसब."

"की लाकूडच जुनं आहे? कुठल्या तरी पाडलेल्या घरातलं आणून ठोकलं असेल. आपल्या मोळ्या गेल्या दुसऱ्या कुणाच्या घरी. आपण होतो का बघायला?"

डेलमारने कॉफीचा शेवटचा घोट घेतला. सगळा जन्म बंदरातल्या खनिजाच्या धक्क्यावर बोटी भरण्यात गेलेला माणूस तो. बोट निघाली की मागे वळून बघायचं नाही, एवढं तो शिकला होता. आर्डिस मात्र लव्हॉनकडे गेली.

लव्हॉनच्या जिन्याचं काम एमरी पुढच्या सोमवारी घेणार होता. आर्डिसचं ऐकून तिने लगेच ते पुढे ढकललं. रविवारी चर्चमधल्या कॉफीच्या वेळी गोष्ट टेबलावर आली, आणि दुपारी पाचसहा बायका जोड शोधायला हॉगनांच्या घरी हजर झाल्या. एकीने बुटाच्या टोकाने खिडकीजवळची जागा दाखवली, दुसरीने दारापाशी. तिसरी म्हणाली, तिला पायाखाली गारवा बदललेला जाणवतोय. कुणाचं कुणाशी पटलं नाही, पण काहीतरी काळंबेरं आहे यावर एकमत झालं.

हे कानावर आल्यावर डेलमार अस्वस्थ झाला. "त्या पोराच्या पोटावर पाय येईल, आर्डिस."

"तू सारखी त्याची बाजू का घेतोस? तुमचं दोघांचं काही ठरलं होतं का?"

एवढ्या वर्षांच्या संसारात डेलमारवर असा आळ कधी आला नव्हता. तो तळघरात गेला, पटाशी आणि हातोडा घेऊन वर आला आणि चुलीसमोर बसला.

"स्वयंपाकघरात पूर्वी ओक नव्हताच," तो म्हणाला. "म्हणजे इथली पट्टी नवी असायलाच पाहिजे. जुनी असली, तर खालून काळी असेल आणि तिला खिळ्यांची जुनी भोकं असतील. कुठली काढू?"

आर्डिसने बराच विचार करून सर्वांत संशयास्पद पट्टी दाखवली. ती इतरांसारखीच दिसत होती.

पट्टी सुखासुखी निघाली नाही. एमरीने ती शेजारणींमध्ये अशी घट्ट बसवली होती की आधी तिची कड फुटली, मग कंबर मोडली, आणि शेवटी ती तुकड्यातुकड्यांनी बाहेर आली. डेलमारने एक तुकडा उलटा केला. खालची बाजू लोण्यासारखी पिवळसर, स्वच्छ, कोरी.

आर्डिसने तो हातात घेऊन नखाने खरवडून पाहिला.

"म्हणजे खरंच नवी आहे," आर्डिस म्हणाली.

"होती," डेलमार म्हणाला.

एमरीला बोलवावं तर काय सांगायचं? डेलमारने एमरी मागे ठेवून गेलेल्या उरल्यासुरल्या लाकडातून एक पट्टी कापली, भोकात ठोकली, फटी लुकणाने बुजवल्या आणि वरून आपल्या होडीचं उरलेलं वॉर्निश फासलं. जमीन मंद होती, पट्टी लखलखली. शिवाय लालसरही झाली आणि एका बाजूने किंचित उचललेली राहिली. कुणीतरी पाक सांडून पुसायला विसरलं असावं, असं वाटत होतं. आर्डिसने त्यावर पायपुसणं टाकलं आणि लव्हॉनला फोन केला.

"एमरी सरळ माणूस आहे. तू जिना करून घे."

"तुला कसं कळलं?"

"कळलं."

"कालपर्यंत तर लबाड होता. काही देऊन गेला का तुला?"

आर्डिसच्या जिवाला ते फार लागलं. असा संशय घेणारी माणसं असतात याचंच तिला नवल वाटलं. तिने फोन ठेवला नाही, तोच लव्हॉन दारात. आत येऊन तिने इकडेतिकडे पाहिलं आणि नजर खाली आणली.

"चुलीपाशी पायपुसणं कधीपासून?" म्हणत तिने ते पायाने बाजूला सारलं.

आर्डिस ते परत ओढायला वाकली. लव्हॉनचा चेहरा मात्र उजळला.

"हा बघ जोड. सापडला. म्हणजे नवं लाकूड घातलंय त्याने, आणि माणसासारखा चुकलाय पण. बिनचुकीचं काम बघून मला धडकीच भरली होती, आर्डिस. आता त्याला येऊ दे खुशाल."

त्या आठवड्यात चर्चमधल्या बायका एकेक करून येऊन गेल्या. प्रत्येकीने ती लखलखीत पट्टी पाहिली, समाधानाने मान डोलावली आणि केक खाऊन गेली. खरं सांगायचं, तर आर्डिसलाही ती आवडू लागली होती. एवढ्या गुळगुळीत, मुक्या जमिनीत ती एकटी पट्टी काहीतरी बोलत होती.

लव्हॉनच्या जिन्याचं माप घ्यायला एमरी आला, तेव्हा लव्हॉनने त्याला समजावलं, "फक्त आर्डिसच्या चुलीपुढे केलंस तसं करू नकोस हं." तो फूटपट्टी तिथेच टाकून तडक हॉगनांकडे आला. पट्टीपाशी गुडघे टेकून त्याने तिच्यावरून बोट फिरवलं. बोट चिकटलं.

"हे मी केलेलं नाही."

"मी केलंय," डेलमार म्हणाला.

"का?"

"खाली काय आहे ते बघायला."

"खाली काय असणार? खालची बाजू." एमरीने कपाळावरचा घाम पुसला. "मिसेस हॉगन, अख्खं गाव म्हणतंय हे माझं काम. आत्ताच्या आत्ता काढून देतो. एक पैसाही नको. इथे कधी काही झालं होतं, हे कुणाला कळायचं नाही."

तो गाडीतून हत्यारं आणायला धावलासुद्धा. आर्डिसने खिडकीतून त्याची लगबग पाहिली. हळूहळू तिच्या कपाळावर आठी चढली.

"डेल," ती हलक्या आवाजात म्हणाली, "फुकट करून देतो म्हणतोय. ती पट्टी इथून हलवायची एवढी घाई का असेल रे त्याला?"

एमरी पेटी घेऊन आत आला, तेव्हा लखलखत्या पट्टीवर बरोब्बर मधोमध खुर्ची मांडलेली होती, आणि खुर्चीत आर्डिस बसली होती.

"बस," ती म्हणाली. "आधी कॉफी घे."